पायलीभर बाजरीचा भाऊ

एस.टी.च्या कार्यशाळेतल्या केरू पेंटरच्या पाट्या नाशिक जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांनी वाचल्या असतील, पण केरूला त्यांतल्या एकानंही ओळखलं नसेल. पत्र्याची पाटी, पिवळी जमीन, काळी अक्षरं. 'नाशिक – मालेगाव' लिहायला त्याला कपातला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरे. 'सप्तशृंगी गड' मात्र घाम काढी. पाटी लहान, नाव लांब, आणि त्यातला तो 'शृं' काही केल्या अंग चोरून बसायला तयार होत नसे. एकदा साहेबांनी विचारलं, "केरू, हा गड पाटीच्या बाहेर का चाललाय?" तर हा ब्रश पुसत शांतपणे म्हणाला, "साहेब, गड उंच हाय. त्याला मी काय करू."

अंगानं किरकोळ, बोलणं मोजकं, डोळे घारे. ते घारे डोळे आणि केरू हे नाव, या दोन गोष्टींनी त्याचं लहानपण आतून पोखरलं होतं. ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर शहाऐंशी साली तो जसा वागला त्याचा कुणाला उलगडा व्हायचा नाही.

शाळेच्या दाखल्यावर तो आनंद सावळीराम गांगुर्डे. बाप सावळीराम नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात कामाला. आई लंकाबाई. केरूच्या आधी लंकाबाईला दोन मुलगे झाले होते. एक नवव्या दिवशी गेला, दुसरा चौथ्या महिन्यात. तिसरा हा, सन बासष्टचा. शेजारी भागीबाई राहायची. डोक्यावर पाटी घेऊन बाजारात भाजी विकायला जाई, आणि चाळीतल्या बायकांची बाळंतपणंही करी. हा जन्मला त्याच्या पाचव्या दिवशी सावळीराम पहिल्या पाळीला गेला, आणि मागं या दोघींनी एक काम उरकलं. घर झाडून केर सुपात घेतला, त्यावर फडकं, फडक्यावर पोर, आणि ते सूप चाळीमागच्या उकिरड्याच्या कडेला ठेवून लंकाबाई पाठ फिरवून आत आली. दुसऱ्या बाजूनं भागीबाई आली, "अगं बाई, कुणाचं पोर पडलंय हे," म्हणत तिनं ते उचललं, पुढच्या दारानं येऊन लंकाबाईला विकलं. किंमत पायलीभर बाजरी. म्हणजे काय, तर लंकाबाईची पोरं न्यायला जे काही येतं, ते आलं तर चुकावं. हे पोर तिचं नाहीच, उकिरड्यावरचं आहे, असं त्याला वाटावं. पाठोपाठ पोरं जगत नसली की त्या काळी बायका असं करायच्या, आणि अशा पोराचं नाव केरू, नाहीतर दगडू.

पण सावळीरामानं सहाच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. असलं काही घरात चालणार नाही, हे त्यानं उंबऱ्यातच सांगून ठेवलेलं. म्हणून दोघींनी गुपचूप केलं आणि पुढंही गुपचूपच ठेवलं. भागीबाईनं एक अट मात्र घातली होती, "लंके, ह्याला कधी माझा म्हणू नको. कुणी विचारलं तर सांग, भागीचा हाय. ज्या दिवशी माझा म्हणशील त्या दिवशी मी जिम्मेदार नाय."

हे सगळं त्या दोघींना ठाऊक. केरूला काय ठाऊक होतं? त्याला एवढंच ठाऊक होतं, की भागीमावशी आली की गाल ओढून म्हणते, "दूध पी मुकाट्यानं, नायतर माझं पोर मी परत घेऊन जाईन." आणि सहा वर्षांचा असताना नळावरच्या एका नव्या बाईनं आईला विचारलं होतं, "हा पोरगा तुमचा का?" तर आई म्हणाली होती, "हा भागीबाईचा." नळावरच्या बायका हसल्या. आई हसली नव्हती. हे त्यानं नीट पाहिलं होतं.

पुढं सात वर्षांनी महेंद्र झाला, त्यानंतर आणखी सात वर्षांनी सुजाता. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की आई चटकन म्हणे, "हा माझा. ही माझी." घरात घारे डोळे दुसऱ्या कुणाचे नाहीत. केरू या नावावरून शाळेतली पोरं 'उकिरड्यावरचा' म्हणून चिडवायची ती वेगळीच. बापाला विचारावं तर आईचं काहीतरी गुपित उघडं पडेल, आईला विचारावं तर ती म्हणेल काय याची भीती. मग केरू गप्प बसायला शिकला. अक्षरं बरी यायची, ती गिरवत बसायचा. त्यातूनच पुढं पोट भरायला लागला.

सुजातावर त्याचा जीव. तिला अक्षरओळख झाली ती पाटीपुस्तकावर नाही, केरूनं घरी आणलेल्या बाद पत्र्यावर. पाचव्या वर्षी ती 'येवला', 'सटाणा' धडाधड वाचायची, आणि पाहुण्यांना विचारायची, "तुम्ही कोणत्या पाटीनं आलात?"

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर या पोरीच्या पायांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. कुठं पडली नाही, कुणी मारलं नाही. मग ताप, मग दात घासताना रक्त. नाशिकच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सावळीरामाला एकट्याला आत बोलावलं आणि मुंबईला जायला सांगितलं. बाहेर आल्यावर बापानं केरूला हळूच सांगितलं. रक्ताचा कर्करोग. नऊ वर्षांची पोर.

मुंबईच्या इस्पितळात औषधं झाली. केस गेले, अंगावर नुसती हाडं राहिली, पण फेब्रुवारीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार झोपलाय. मेला नाही, झोपलाय. तो पुन्हा उठायच्या आत तिच्या हाडांतला मगज बदलला पाहिजे. रक्त तयार होतं ते त्या मगजात. तिचा नासलाय, तो काढून दुसऱ्याचा घालायचा. हे काम तेव्हा देशात कुठं होतं, तर मोजक्या एकदोन ठिकाणी, आणि त्यांतलं एक मुंबईचं हेच इस्पितळ.

आता दुसऱ्याचा म्हणजे कुणाचा? सावळीरामानं आपल्या परीनं अर्थ लावला की ज्याचा रक्तगट तिच्यासारखा, त्याचा. सगळं घर घेऊन तो नाशकातल्या रक्त तपासणाऱ्याकडं गेला. चाळीतले चौघं हौसेनं मागून आले. तपासणाऱ्यानं चिठ्ठ्या लिहिल्या, सावळीराम बी, लंकाबाई बी, महेंद्र बी, सुजाताचा आधीच बी. केरू ओ.

"तू एकटाच पाहुणा निघालास," तो माणूस सहज म्हणाला आणि पुढच्याची बाही वर करायला लागला. केरूनं ती चिठ्ठी चार घड्या करून खिशात ठेवली. त्या दिवसापासून त्याची झोप गेली.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सावळीरामाला समजावलं की गटाचं एवढं काही नाही, खुणा वेगळ्याच असतात. सावळीरामानं घरी येऊन ते चहाच्या बश्या मांडून सांगितलं. "हे बघ, माणसाच्या रक्तावर पाट्या असत्यात. आईकडं दोन, बापाकडं दोन. पोराला आईची एक भेटती, बापाची एक. दोन भावंडांना नेमक्या त्याच दोन भेटल्या तर जुळलं. चारात एखाद्याचं जुळतं. आईबापाचं अर्धंच. म्हणून सख्खी भावंडंच लागत्यात."

पाट्यांचं बोलणं केरूला सगळ्यांत लवकर कळलं. आणि ज्याच्याकडं यातली एकही पाटी नाही त्याचं काय, हेही त्याच्या मनात त्याच क्षणी येऊन बसलं.

"महेंद्रला न्या," लंकाबाई म्हणाली.

महेंद्र गेला. गट तोच, तोंडावळा तोच, सगळ्यांची खात्री. दहा दिवसांनी कळलं, जुळलं नाही. सतरा वर्षांचं पोर दहावीला बसलं होतं, ते घरी येऊन कोपऱ्यात बसलं आणि म्हणालं, "मी नापास झालो, बाबा." सावळीरामानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि केरूकडं बघितलं.

"आता केरू."

लंकाबाई भाकरी थापत होती. हात परातीतच थांबला. "त्याला नको."

"का?"

"नको म्हणते ना. त्याला कामं हायत."

"अगं, कामं काय, पोरीचा जीव..."

"तुमास्नी एकदा सांगितलं," असं म्हणून ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. भाकरी करपली. कुणी उलटली नाही.

केरूला वाटलं, झालं. तिला ठाऊक आहे. ती मला वाचवतेय, चारचौघांत उघडा पडू नये म्हणून. तो बापाला म्हणाला, "बाबा, चैत्राची यात्रा तोंडावर आलीय. गडाला जादा गाड्या सोडायच्यात, पाट्या माझ्या एकट्याच्या अंगावर. यात्रा झाली की जाऊ."

पण सावळीरामानं मुंबईला पत्र टाकून सोमवारची वेळ ठरवली. सोमवारी पंचवटी एक्स्प्रेसला निघायचं, तर हा गडी पहाटेच सायकल काढून कार्यशाळेत पसार झाला. दिवसभर ब्रश चालवला. दुपारी साहेब पाट्या बघायला आले, एक हातात घेऊन उभेच राहिले. "केरू, देवीला निघालेल्या माणसांना मुंबईला धाडतोस का रे?" गडाच्या पाटीवर त्यानं 'नाशिक – मुंबई' लिहून ठेवलं होतं, चांगलं ठसठशीत.

संध्याकाळी घरी गेला तर सुजाता खाटेवर बसलेली, डोक्याला आईचा जुना रुमाल बांधलेला.

"भाऊ, सुईची भीती वाटती का तुला?"

"नाय गं."

"मला सांग ना. मी कुणाला नाय सांगणार. माझ्या हाताला आता शीरच सापडत नाय, तरी मी देते. तू एवढा मोठा घोडा."

"यात्रा झाली की जाऊ म्हटलं ना."

"यात्रा कधी होती?"

"पुनवेला."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग तिनं बाही वर केली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "हे खाटेचं लागलंय, असं मी आईला सांगितलंय." कोपराखाली रुपयाएवढा निळा डाग होता. "खाटेचंच असंल ना?"

केरूनं तो डाग बघितला. तो उठला, चपला न घालताच बाजाराकडं निघाला.

भागीबाई मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत बसली होती. साठीच्या पुढं गेलेली, आवाज मात्र अख्ख्या बाजाराला पुरेल असा. केरू तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मावशी, मी कुणाचा?"

"माझा. पायलीभर बाजरीला इकलाय तुला. बाजरीत खडे निघाले व्हते, ते अजून बाकी हायत."

तो हसला नाही. "खरं सांग. मला तू कुठनं आणला? सुजीचं रक्त माझ्याशी जुळवायचंय. तिथं मुंबईत काचेत समदं दिसतं. माझा गट घरात कुणाशी जुळत नाय. उद्या मी ह्यांचा नाय असं कागदावर आलं, तर बाबांनी तोंड कुठं दाखवायचं? आई मला जाऊच देत नाय. तिला ठाऊक असणार."

भागीबाईचा पाण्याचा हात तसाच थांबला.

"चोवीस वर्सं हेच घेऊन बसलास व्हय रं मनात?" मग तिनं सगळं सांगितलं. सूप, केर, उकिरडा, अट. "तुझी नाळ ह्या हातांनी कापली मी. पायाळू आला व्हतास, तुझ्या आईला दीड दिवस छळलंस. अन् हे घारे डोळे तुझ्या आईच्या बापाचे. मी म्हाताऱ्याला पाह्यलाय, मांजरासारखा बघायचा."

"मग आई नको का म्हणते?"

भागीबाईनं एक जुडी उचलली, परत ठेवली. "तिथं इच्यारतील ना, हा कोण? अन् मग तिला म्हणावं लागंल, माझा. तिला वाटतं, तेवढं म्हणलं की तू जाशील. पोरगी तर खाटेवर हायच. एकाला वाचवायला दुसऱ्याला दाखवून द्यायचं, असं झालंय तिला. येडी हाय. पर तिला येडी मीच केली."

अर्धी भाजी विकायची होती. तिनं ती तशीच शेजारणीच्या पुढ्यात ढकलली आणि उठली.

घरी सावळीराम दाढीचं सामान आवरत होता. भागीबाई दारातूनच म्हणाली, "लंके, हे पोरगं कुणाचं?"

लंकाबाईनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"बोल की. कुणाचं?"

"तुझं," लंकाबाई कशीबशी म्हणाली.

"मग माझ्या पोराला मी मुंबईला नेते. तू मधी बोलायचं नाय. तुला काय म्हणावंच लागायचं नाय, मी बघते."

सावळीराम वस्तरा पुसत होता. तो शांतपणे म्हणाला, "हा पाच दिवसांचा असताना गोणीतली बाजरी पायलीभर कमी दिसली, तेव्हाच मला कळलं व्हतं." दोघी त्याच्याकडं बघतच राहिल्या. "म्हटलं, मोडावं. मग म्हटलं, मोडलं अन् पोराला काय झालं तर ही जलमभर माझ्याकडं बोट दाखवंल. म्हणून गप ऱ्हायलो. गप ऱ्हायलो हे चुकलंच."

केरू कुणाकडंच न बघता पाण्याच्या माठाशी जाऊन दोन तांबे पाणी प्यायला.

दुसऱ्याच दिवशी सगळे निघाले. सुजाताच्या हातावरचा डाग सावळीरामानं डॉक्टरीणबाईंना आधी दाखवला. रक्त तपासून त्या म्हणाल्या, अजून झोपलाय, खाटेचंच असेल, पण आता एक दिवसही घालवू नका. मग फॉर्म पुढं घेतला. देणाऱ्याचं नाव, वय. देणाऱ्याचं रुग्णाशी नातं.

"हे तुमचे कोण?" त्यांनी लंकाबाईला विचारलं. भागीबाई पुढं सरकली.

"माझा हाय. मी घेतलेला."

"घेतलेला म्हणजे दत्तक?"

"घेतला अन् इकला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. चिडल्या नाहीत, पण आवाज कोरडा झाला. "हे बघा आजी, सख्खा भाऊ नसेल तर तपासण्यात अर्थ नाही. सात-आठ दिवस फुकट जातील आणि या मुलीकडे ते नाहीत. मला सरळ सांगा, याचा जन्म कुणाच्या पोटी झाला?"

भागीबाई चाळीस वर्षं बाजारात गिऱ्हाइकांशी भांडलेली बाई, पण तीही एक पाऊल मागं सरकली. सुजाता आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. केरू आईकडं बघत होता. ठाऊक सगळं झालं होतं, पण ठाऊक होणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

लंकाबाईनं दाराकडं बघितलं, जसं कुणी आत यायचंय.

"माझा हाय," ती म्हणाली. "माझ्या पोटचा. पयले दोन गेले, त्यांच्या पाठचा. थोरला."

आणि तिनं केरूचं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशीही त्यावर बोटं दिसत होती.

बाईंनी लिहून घेतलं. केरूनं खिशातली चिठ्ठी काढून पुढं केली. त्या वर न बघताच म्हणाल्या, "आईवडील दोघे बी असले तरी मूल ओ होऊ शकतं. नेहमी होतं. गट वेगळा असला तरी मगज चालतो." दोन महिने ज्या कागदानं त्याला खाल्लं होतं, त्याचं एवढंच निघालं.

रक्त घेतलं. पण सख्खा असला म्हणजे जुळलंच असं नव्हे. महेंद्रही सख्खाच होता. आता दोघांच्या पेशी काचेच्या बशीत शेजारी शेजारी ठेवायच्या आणि सहा दिवस बघायचं, असं बाईंनी सांगितलं. एकमेकींना परकं समजून खवळल्या तर नाही, शांत राहिल्या तर जुळलं. भागीबाई म्हणाली, "सहा दिवस एका बशीत? आमच्या घरात दोन जावा सहा घटका ऱ्हात नाय."

ते सहा दिवस धर्मशाळेत काढले. लंकाबाईनं शब्द उच्चारला होता, आणि आता ती त्याची वाट बघत होती. रस्ता ओलांडताना चोवीस वर्षांच्या घोड्याचा सदरा धरून चाले. ट्रक गेला की डोळे मिटी. केरूनं शेंगदाणे घेतले तर आधी स्वतः चार खाऊन बघितले.

"आई, लोक हसत्यात."

"हसू दे. तू कडंनं चाल."

केरूची वेगळीच धास्ती. आधी भीती होती ती परकं निघायची. ती गेली तिथं दुसरी येऊन बसली. आता घरात दुसरं कुणी उरलेलं नव्हतं. महेंद्र झाला, आईबाप अर्धे, राहिला हा. याचं जुळलं नाही तर पुढं काय, हे कुणी विचारत नव्हतं आणि डॉक्टरही आपणहून सांगत नव्हते. शिवाय यात्रेचं निमित्त काढून जे दिवस त्यानं घालवले, ते तो मनात सारखे चाळत होता. आजार त्याच दिवसांत उठला असता तर?

सातव्या दिवशी सकाळी बाई स्वतः वऱ्हांड्यात आल्या. हातात कागद होता. चालण्यावरून काही कळेना.

"जुळलं," त्या म्हणाल्या. "पूर्ण जुळलं."

सावळीरामानं खांबाला हात टेकला. केरूला वाटलं होतं आपण रडू, पण त्यानं विचारलं ते असं, "मग कधी काढायचं?"

मे महिन्यात सुजाताला काचेच्या खोलीत ठेवलं. जालीम औषधं, मग किरणं. तिचा सगळा मगज मारून टाकायचा. बाईंनी आधीच केरूला समोर बसवून सांगितलं होतं, की एकदा हे सुरू झालं की मागं फिरता येत नाही. तिचं स्वतःचं रक्त आता बनणार नाही. त्या दिवसांत तुम्ही आजारी पडलात, कुठं धडपडलात, तर तिच्याकडं काही उरत नाही. लंकाबाईनं हे ऐकलं आणि मग तिनं केरूला जिनासुद्धा एकट्याला उतरू दिला नाही. पाचव्या दिवशी त्याला खोकला आला. छाती तपासून होईपर्यंत ती भिंतीला पाठ लावून उभी होती, तोंडावर पदर दाबून. निघालं काही नाही. घसा कोरडा पडला होता.

ठरल्या दिवशी त्याला भूल दिली. कमरेच्या हाडात सुई घालून थोडं थोडं करत मगज काढला. दिसायला रक्तासारखाच, जरा घट्ट. बाटली काचेच्या खोलीकडं गेली. सावळीराम काचेशी उभा राहिला. लंकाबाईनं कुठं बसायचं हे तिला कुणी विचारलं नाही. ती केरूच्या खाटेशी बसली, आणि त्याच्या नाकासमोर हात धरून श्वास येतो का ते बघत राहिली.

त्यानं डोळे उघडले. जीभ जड. "पोचलं का?"

"लावलंय. थेंब थेंब चाललंय."

"घेतीय का ती?"

"घेतीय. तू हलू नको."

"आई, मी बरा हाय."

"हलू नको म्हटलं ना."

पण मगज आत गेला म्हणजे रुजला असं नाही. रोज सकाळी रक्त तपासायचे आणि पांढऱ्या पेशींचा आकडा यायचा. शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. दहा दिवस शून्य. सुजाताच्या तोंडात फोड आले, थुंकी गिळता येईना, ताप एकशेतीनवर. काचेतून ती केरूला बोटानं खूण करी, पाठ कशी आहे? हा हातानं दाखवी, झकास. खरं तर त्याला वाकून चप्पल घालता येत नव्हती. पंधराव्या दिवशीही शून्य. सावळीरामानं बाईंना विचारणं सोडून दिलं. केरू जिन्यावर बसून मनात म्हणत होता, जुळलं तर होतं. मग माझंच काही कमी पडलं का?

अठराव्या दिवशी दोनशे आले. बाई म्हणाल्या, अजून आनंद करू नका. एकोणिसाव्या दिवशी दीडशेवर उतरले आणि कुणी जेवलं नाही. बाविसाव्या दिवशी नऊशे. त्या दिवशी बाई काचेजवळ केरूच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "या तुमच्या," त्या म्हणाल्या. "तिच्या अंगात बनताहेत, पण वंश तुमचा." लंकाबाई खाली बसली आणि कितीतरी महिन्यांनी मोकळं रडली. भागीबाई मधेच नाशकाला परतली होती. तिला महेंद्रनं बाजारात जाऊन सांगितलं, तर तिनं गिऱ्हाइकाला मेथी तशीच देऊन टाकली.

धोका तिथंच संपला असं नव्हे. अंगावर पुरळ उठायचं, पोट बिघडायचं. नव्या पेशी जुन्या अंगाशी भांडतात म्हणे, सख्ख्याच्या असल्या तरी. ऑगस्टात घरी आणली. मग दर पंधरवड्याला मुंबई, मग महिन्याला, मग तीन महिन्यांनी. आणि प्रत्येक खेपेला केरू बाहेरच्या बाकावर तसाच बसे, दोन्ही हात मांड्यांखाली घालून.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात बाईंनी सांगितलं, आता वर्षातून एकदा या. परतीच्या गाडीत इगतपुरी गेली तेव्हा सुजाता, आता तेरा वर्षांची, केस खांद्यापर्यंत आलेले, खिडकीशी बसून प्रगतिपुस्तक चाळत होती.

"भाऊ, तुला गणितात किती पडायचे?"

"पस्तीस."

"तरीच. मला आधी साठ पडायचे. तुझ्या त्या बाटलीनं घोटाळा केला."

"अक्षर बघ की कसं सुधारलंय तुझं."

"अक्षर माझं आधीपासून चांगलं व्हतं. ते तुझ्या नावावर टाकू नको."

लंकाबाई समोर बसून पेरू कापत होती. तेवढ्यात सुजाताला शिंक आली. लंकाबाईचा चाकू थांबला. केरूनं पुढं वाकून तिच्या कपाळाला हात लावला.

"धूळ गेली नाकात," सुजाता त्याचा हात बाजूला सारत म्हणाली. "बघताय काय दोघं. पेरू द्या."

लंकाबाईनं फोड तिच्या हातावर ठेवली. केरूनं खिडकी अर्धी खाली ओढली आणि आणखी एक शिंक येते का, याची वाट बघत बसला.